आत्याच्या टेबलावरची स्थळप्रत

तो काळा चौकोन मी लावला होता. कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, आत्याच्या लघुस्वाक्षरीवर, बोटाच्या पेराएवढा. मला वाटलं, आता ती झाकली गेली. चार दिवसांनी कळलं की त्या चौकोनामुळेच ती सापडली.

आमच्या घरात पत्रकं पिकतात. बाबांचं चिखलीत स्टँडजवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दिवसभर सातबारे, आधार कार्डं, शाळा सोडल्याचे दाखले, आणि त्यातून वेळ काढून पत्रकं. वस्तीतली नाली तुंबली म्हणून पत्रक, शिष्यवृत्ती अडली म्हणून पत्रक, विहाराच्या जागेवर कोणी अतिक्रमण केलं म्हणून पत्रक. मी अक्षरं ओळखायला शिकले ती उरलेल्या पत्रकांवर. माझ्या वह्या पाठकोऱ्या पत्रकांच्या, डब्यातली पोळीही त्यांतच गुंडाळलेली. 'जाहीर निषेध' हे दोन शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता येत होते.

बाबांचे पत्रकाचे नियम होते. पत्रक एकाच पानाचं. खाली स्वतःचं नाव आणि मोबाइल नंबर. निनावी पत्रक आमच्या दुकानातून निघायचं नाही. भिंतीला चिकटवायचं नाही, रस्त्यावर उधळायचं नाही. माणसाच्या हातात द्यायचं, आणि त्याने काही विचारलं तर उभं राहून उत्तर द्यायचं. सगळ्यात कडक नियम पुराव्याचा. कागद हाती असेल तर तो आपल्या शब्दांत सांगायचा नाही, त्याचा फोटोच छापायचा, अगदी शिक्क्यासकट. म्हणजे कोणी म्हणणार नाही की यांनी मनचं लिहिलं.

या नियमाचा मला अभिमान होता. आजही आहे, पण आता तो आठवला की काळा चौकोनही आठवतो.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. नवरा नोकरीत असताना वारला, म्हणून अनुकंपा तत्त्वावर तिला त्याच्या कार्यालयात लिपिकाची जागा मिळाली. हे कार्यालय जिल्ह्यातल्या लहान तलावांचं काम पाहतं. त्याचं नाव मी लिहीत नाही, तलावाचंही नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. आत्या मुलीला घेऊन सरकारी क्वार्टरमध्ये राहायची. मुलगी दहावीला. आत्या इतकी सरळ की घरची किराणा यादी लिहायला ऑफिसचा पेन वापरायची नाही. आम्ही तिची टिंगल करायचो. बाबा म्हणायचे, "सरकार तुले बक्षीस देईन एक दिवस, पेन वाचवला म्हणून." ती हसायची आणि बाबांच्या खिशातला पेन काढून घ्यायची.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. गणपती उठले तेव्हा एक मातीचा तलाव काठोकाठ भरला होता. अमडापूरच्या बाजूला, डोंगराच्या पोटाशी. त्याच्या भिंतीची पाहणी करायला बाहेरून एक इंजिनिअर आले आणि हाताने दोन पानांचा अहवाल लिहून देऊन गेले. तो टाइप करण्याचं काम आत्याकडे आलं. टाइप करताना माणूस वाचतोच. अहवालात होतं की भिंतीच्या पायथ्याशी पाणी पाझरतं आहे आणि ते गढूळ आहे. आत्याने आम्हाला नंतर समजावून सांगितलं. मातीची भिंत थोडी पाझरतेच, पाणी स्वच्छ असेल तर चिंता नाही. गढूळ असेल तर भिंतीतली माती आतून वाहून चालली आहे असा त्याचा अर्थ. इंजिनिअरांनी लिहिलं होतं की तलावाचा दरवाजा ताबडतोब उघडून पाणी निम्म्यावर आणावं. भिंतीच्या खाली, नाल्याच्या काठाने, सत्तावीस घरांची वाडी आहे.

आत्याने फाइलवर टिपणी लिहून साहेबांकडे पाठवली. फाइल परत आली, त्यावर शेरा होता, 'चर्चा करावी'. ती चर्चेला गेली तर साहेब मीटिंगला गेलेले. आठ दिवसांनी तिने पुन्हा टिपणी लिहिली, पुन्हा तोच शेरा. तिसऱ्यांदा फाइलवर 'गोपनीय' असा लाल शिक्का आला. तोंडी कारण असं मिळालं की लोक उगीच घाबरतील, आणि त्या भिंतीची दुरुस्ती मागच्याच वर्षी झाली आहे. यातलं पहिलं कारण मी कितीतरी वेळा मनात उलटसुलट केलं आहे. गुपित शत्रूपासून ठेवतात. इथे ते भिंतीखाली झोपणाऱ्या माणसांपासून ठेवलं होतं.

एका रविवारी आत्या आमच्याकडे आली. पिशवीत मेथीच्या दोन जुड्या, आणि खाली घडी घातलेली दोन पानं. तिने जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या हाताने झेरॉक्स काढून मूळ कागद चहाच्या वेळेआधी फाइलला लावून टाकला होता. मेथी आईच्या हातात दिली आणि पानं बाबांच्या.

"दादा, नियमानं हे घरी आणता येत नाई," ती म्हणाली. "पण मले आता जेवण जात नाई."

बाबांनी पानं वाचून पालथी ठेवली. मी मात्र खुश झाले, हे कबूल करायला हवं. आत्याचा चेहरा उतरलेला होता, ती पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि मी मनात मथळा जुळवत होते. दोन तासांत पत्रक तयार होतं. 'भिंतीतली माती वाहते आहे आणि अहवाल कपाटात आहे.' खाली माझं नाव, माझा नंबर, आणि मधोमध अहवालाच्या दुसऱ्या पानाचा फोटो, नियमाप्रमाणे जसाच्या तसा. फक्त कोपऱ्यातल्या त्या लघुस्वाक्षरीवर मी काळा चौकोन ठेवला. बाबांनी विचारलं की एवढं पुरे होईल ना. मी हो म्हटलं.

पत्रकं मी वाडीत घरोघर दिली, मग अमडापूरच्या आठवडी बाजारात. तिसऱ्या दिवशी तलावाचा दरवाजा उघडला. वाडीतल्या एकाने नाल्यात सुटलेल्या पाण्याचा व्हिडिओ पाठवला. मी दुकानात उड्या मारल्या.

चौथ्या दिवशी दुपारी आत्याचा फोन आला. आवाज एकदम सपाट. ती मला एखाद्या नव्या कारकुनाला शिकवावं तशी सांगू लागली. ऑफिसातून बाहेर जाणारी प्रत स्वच्छ असते. तिच्या डाव्या कोपऱ्यात काही नसतं. जी प्रत ऑफिसातच फाइलला राहते तिला स्थळप्रत म्हणतात, आणि फक्त तिच्यावरच टाइप करणाऱ्याची लघुस्वाक्षरी असते. स्वच्छ प्रती वरच्या दोन-तीन कार्यालयांत गेल्या होत्या, संशय कुठेही गेला असता. साहेबांनी माझं पत्रक टेबलावर ठेवलं, काळ्या चौकोनावर बोट ठेवलं आणि विचारलं, या कोपऱ्यात झाकण्यासारखं काय होतं? मग स्थळप्रत कोणाच्या कपाटात असते हे सगळ्यांना ठाऊकच होतं.

"तो कोपराच कापून टाकला असता तं त्याईले कळलं नसतं, माय," आत्या म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

कोपरा कापायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. कागद कापायचा नाही, हेच मी लहानपणापासून शिकले होते.

त्यानंतर भीती आमच्या घरात राहायलाच आली. एक पोलीस शिपाई दुकानात येऊन पत्रक मागून घेऊन गेला आणि त्यावर छापलेलं माझं नाव त्याने पुन्हा मला विचारून वहीत लिहिलं. पूर्वी असे शिपाई आले की बाबा त्यांना चहा पाजून त्यांच्याशी वाद घालायचे. या वेळी बाबांनी विचारलं तेवढंच सांगितलं, आणि तो गेल्यावर मशीनमध्ये कागद भरताना त्यांना रिम नीट बसवता येईना. दुकानासमोर अनोळखी जीप थांबली की मी आतल्या बाजूला सरकायचे. आत्याला कारणे दाखवा नोटीस आली. त्यात वर्तणूक नियमांच्या भंगाबरोबरच शेवटी एक ओळ होती की फौजदारी कारवाईचा विचार करण्यात येईल. ती ओळ तिच्या मुलीने वाचली. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, आईला तुरुंगात नेतील का? मी लगेच नाही म्हटलं. मला काहीही माहीत नव्हतं. नंतर मी न्हाणीचं दार लावून मोबाइलवर गोपनीयतेचा कायदा वाचला आणि प्रत्येक कलमात मला आत्याच दिसायला लागली.

मी कितीतरी पत्रकांत लिहिलं होतं की आम्ही तुरुंगाला भीत नाही. पण त्या 'आम्ही'मध्ये तोवर खाली सही केलेलीच माणसं होती. आत्याने कुठेच सही केली नव्हती. तिने विश्वासाने एक कागद दिला होता.

दिवाळी झाली, थंडी पडली. तलावात पाणी निम्मं उरलं होतं आणि भिंत जागच्या जागी उभी होती. दरवर्षी त्या पाण्यावर खालच्या शेतांत गहू आणि कांदा व्हायचा. त्या वर्षी सिंचनाच्या दोन पाळ्यांतच पाणी संपणार हे स्पष्ट झालं. अमडापूरच्या बाजारात मी वेगळ्याच विषयाचं पत्रक वाटत होते, तेव्हा वाडीतल्या एका शेतकऱ्याने मला अडवलं. सोबतचे दोघे आधीच हसत होते.

"काय वं पत्रकवाली, आज कोनाले बुडवून राह्यली?" तो म्हणाला. "तलाव तं फुटला नाई. तुह्या कागदानं आमचं पाणी मात्र गेलं."

उभं राहून उत्तर द्यायचा नियम होता. मी उभी राहिले आणि म्हणाले की दरवाजा उघडला म्हणूनच फुटला नाही. तो म्हणाला, हे कोणी पाहिलं? भिंत फुटली असती, माणसं गेली असती, आणि मग तो कागद बाहेर आला असता, तर आत्याचे सत्कार झाले असते. तिने वेळेवर सांगितलं म्हणून काही घडलं नाही, आणि काही घडलं नाही म्हणून ती खोटी ठरत होती.

याच सुमारास आत्याच्या कार्यालयातले अधीक्षक तिच्या क्वार्टरवर आले. मी तिथेच होते. भला माणूस, निवृत्तीला आलेला, आत्याच्या नवऱ्याबरोबर काम केलेला. त्यांनी बॅगेतून टाइप केलेला एक कागद काढला. साहेब नरमाईने घ्यायला तयार आहेत, त्यांनी सांगितलं. या माफीनाम्यावर सही केली की एक वेतनवाढ थांबेल, फार तर बदली होईल, पोलिसांपर्यंत काही जाणार नाही. नाहीतर निलंबन, आणि पुढचं त्यांच्या हातात नाही. जाताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, पोरीची दहावी आहे. दोन ओळींचं काम आहे."

माफीनाम्यात लिहिलं होतं की भाचीच्या सांगण्यावरून, भावनेच्या भरात, माझ्या हातून अपूर्ण व चुकीचा अहवाल बाहेर गेला, त्याबद्दल क्षमा असावी.

इथे मी काय केलं ते लिहायला मला जड जातं. मी म्हटलं, कर ना सही. जाहीर निषेध वाचत वाढलेली मी तिच्या पाया पडायला तयार होते. माझं नाव त्यात आहे तर असू दे, मी भडकवलं असं लिही, काहीही लिही, पण सही कर. मला रडू आलं. मला तिची काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर मला त्या चौकोनातून सुटायचं होतं.

आत्या कागद दोनदा वाचून शांतपणे बोलली.

"माफी मागाले माह्यं काई जात नाई. नियम मोडला, ते खरं हाय. त्याची माफी म्या दहा वेळा लिहून देईन. पन अहवाल चुकीचा होता असं लिहून देलं तं त्याईले तेच पायजे. पुढच्या पावसात दरवाजा बंद करतीन अन् तलाव पुरा भरतीन. मंग त्या वाडीचं काय?"

मी म्हटलं की त्या वाडीतलीच माणसं आपल्याला बाजारात शिव्या देतात.

"देऊ दे. शिव्या द्याले जिवंत तं हायत."

त्या दिवसांत आमचं आणखी एक भांडण झालं होतं. मी तावातावाने म्हटलं होतं की सरकारी कपाटातलं काहीच गोपनीय असू नये, सगळं चौकात टांगावं. आत्या भडकली. तिच्याच कपाटात एका सहकारी बाईची आजारपणाची कागदं होती, रजेच्या अर्जाला जोडलेली. तो आजार त्या बाईने घरीसुद्धा सांगितलेला नव्हता. ती म्हणाली, ते पण वाटू का तुह्या बाजारात? कुलूप चांगलंही असतं, हे मला तिच्याकडून शिकावं लागलं. तिने ते कुलूप अकरा वर्षं सांभाळलं होतं, एकदाच उघडलं, आणि तेही वरच्या दारावर तीनदा ठोकून कोणी उघडलं नाही तेव्हा. तिने दिलेली दोनच पानं. त्यात कोणाचं खाजगी काही नव्हतं. तिला त्यातून काही मिळालं नाही.

म्हणून कोणी मला विचारतं की अशा माणसाला सूट द्यावी का, तेव्हा मी आधी विचारते की सूट कशाच्या बदल्यात देताय. नियम मोडल्याची शिक्षा हलकी करताना खरं सांगितल्याचा शब्द परत मागत असाल, तर ती सूट नाही, तो सौदा आहे. फाइलमध्ये तिच्या तिन्ही टिपण्या तारखेसकट आहेत. शिक्षा ठरवणाऱ्याने त्या आधी वाचाव्यात, आणि 'चर्चा करावी' लिहिणाऱ्यालाही दोन प्रश्न विचारावेत. कायद्यात एवढी जागा नसेल तर ती करावी लागेल. हे मी पत्रकात लिहिलं आहे आणि खाली माझं नाव आहे.

आत्याने माफीनामा सही न करता परत पाठवला. तिचं निलंबन झालं आणि चौकशी लागली. साक्षीला मला बोलावलं होतं, पत्रकाची प्रकाशक म्हणून.

चौकशी अधिकारी बुलढाण्याला एका सरकारी इमारतीत बसले होते. सकाळची वेळ, खोलीत ऊन, टेबलावर काच आणि काचेखाली जुनं कॅलेंडर. एका बाजूला कॉम्प्युटरवर टाइप करणारा लिपिक. आत्या इस्त्रीच्या साडीत, पदर खांद्यावरून घेऊन, समोरच्या खुर्चीत. मला नाव विचारलं, मी सांगितलं. पत्रक तुमचं का? हो. मग त्यांनी काळ्या चौकोनाचं पत्रक माझ्यापुढे सरकवलं आणि विचारलं, "हा कागद तुम्हाला कोणी दिला?"

उत्तर मी पाठ केलं होतं. ज्याने विश्वासाने दिलं त्याचं नाव मी सांगणार नाही. पण तोंड उघडेना. नाव सांगितलं तर मी तिला दुसऱ्यांदा पकडून देणार, नाही सांगितलं तर लपवाछपवी म्हणून तिच्याच डोक्यावर बसणार. अधिकारी वाट बघत होते. ते दुष्ट वाटत नव्हते, त्याने माझी भीती आणखीच वाढली. ते म्हणाले, "आत्याला पुढचं काही माहीत नव्हतं, कागद तुम्हीच परस्पर घेतला, असं असेल तर तसं सांगा. त्यांच्यावरचा भार कमी होईल."

मी हो म्हणणार होते. खोटं होतं, तरी म्हणणार होते. मान अर्धी हललीही असेल.

"साहेब, पोरीले काऊन विचारता?" आत्या म्हणाली. "कागद म्याच देला. काय छापनार हाय ते मले माहीत होतं. लिहून घ्या."

लिपिक लिहू लागला. आत्या त्याच्या बोटांच्या वेगाने सांगत गेली. तीन टिपण्यांच्या तारखा सांगितल्या. नियम माहीत असताना मोडला, त्याची जी शिक्षा असेल ती मान्य आहे, असं सांगितलं. अधिकाऱ्यांनी विचारलं की आणखी काही सांगायचं आहे का.

"एक हाय. माह्यं काय करायचं ते करा, पन दुसरी पाहनी होईस्तोवर त्या तलावाचा दरवाजा बंद करू नका."

प्रिंट निघाली. आत्याने ती ओळीवर बोट ठेवून वाचली, लिपिकाच्या सवयीने, आणि शेवटाला येऊन थांबली. दरवाजाचं वाक्य त्यात नव्हतं. अधिकारी म्हणाले की ते या चौकशीच्या विषयात बसत नाही. आत्याने पेन काचेवर ठेवला. ते वाक्य आलं की सही करीन, म्हणाली. तिच्या कपाळावर घाम आलेला मला दिसत होता. लिपिक अधिकाऱ्यांकडे बघत होता, अधिकारी काचेखालच्या कॅलेंडरकडे.

मग ते म्हणाले, "टाका."

दुसरी प्रिंट निघाली. आत्याने पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली आणि पूर्ण नावाने सही केली. पत्रक माझंच, एवढ्याच माझ्या जबाबावर सही करायची पाळी आली तेव्हा पेन दोनदा कागदावरून घसरला, मग तिने माझं मनगट टेबलावर दाबून धरलं.

निकाल अजून आलेला नाही.